भार कुठल्या पायावर?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. त्यामुळे कमिटीने विषय विचारला तेव्हा म्हटलं, "माणसाचं चित्र काढताना तोल आणि भार." सेक्रेटरीसाहेब जरा थांबले आणि म्हणाले, "सर, लोकांना झेपेल असं काहीतरी घ्या ना." त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. याच्याइतका सोपा विषय नाही, कारण त्याला लागणारं सामान प्रत्येक जण बरोबर घेऊन आलेला आहे. दोन पाय.

तर सगळ्यांनी एकदा उभं राहा बघू. गुडघे दुखणाऱ्यांना माफी आहे. सावधान नको; बँकेत पासबुक भरायच्या रांगेत उभे राहता तसं राहा. आता खाली न बघता सांगा, तुमचा भार कुठल्या पायावर आहे? दोन्ही पायांवर सारखा असा एखादाच असेल. बाकीचे सगळे एका पायावर रेललेले. त्या पायाला आपण म्हणू भाराचा पाय आणि दुसरा तो मोकळा पाय. आता कंबरेवर दोन्ही हात ठेवून हाडं चाचपा. भाराच्या पायाकडचं हाड वर गेलंय, मोकळ्या पायाकडचं खाली. आणि शेजाऱ्याचे खांदे बघा. ज्या बाजूची कंबर वर, त्या बाजूचा खांदा बहुतेक वेळा थोडा खाली उतरलेला दिसेल. मधला कणा या दोघांची समजूत घालत वाकतो. बसा आता.

माणसाचं उभं चित्र काढण्यातलं निम्मं काम इथं झालं. नाक, डोळे, साडीचे काठ, शर्टाची बटणं हे सगळं नंतरचं. कंबरेची एक तिरकी रेघ, खांद्यांची उलट तिरकी रेघ आणि भार घेणारा एक पाय, एवढ्या तीन गोष्टी बरोबर आल्या की काड्यांचा माणूससुद्धा उभा राहतो. त्या चुकल्या तर मग कितीही गुळगुळीत शेडिंग करा, माणूस दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखा लोंबतो.

आपल्या मूर्तिकारांनी या उभं राहण्याला नावं दिली आहेत. दोन्ही पायांवर समान भार तो समभंग. किंचित एका बाजूला झुकला की आभंग. मान, धड आणि पाय तीन दिशांना वळले की त्रिभंग. पंढरपूरचा विठोबा समचरण, कमरेवर हात, विटेवर सरळ. बासरीवाला कृष्ण मात्र एका पायावर भार देऊन दुसरा पाय आडवा टाकतो. त्या उभं राहण्याला जुन्या मराठीत 'देहुडा' असा सुंदर शब्द आहे. एकाच देवाची ही दोन रूपं घ्या आणि फक्त पाय बघा. एक कधीही हलणार नाही असा उभा आहे. दुसरा आत्ता गिरकी घेईल की काय असं वाटतं. स्वभाव सांगायला चेहरा लागलाच नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध 'नर्तकी' आहे. ब्राँझची, साडेचार हजार वर्षांच्या आसपास जुनी. फोटोत मोठी वाटते, पण उंची साधारण 10.5 सेंटिमीटर, म्हणजे तळहाताच्या मापाची. उजवा हात कमरेवर, डावा गुडघा जरा पुढे. तिची पावलं तुटून गेलेली आहेत, तरी भार उजव्या पायावर आहे हे लहान मूलही सांगेल. पश्चिमेकडचे लोक या उभं राहण्याचा शोध ग्रीकांना देतात. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममध्ये ख्रिस्तपूर्व 480 च्या सुमाराचा एका मुलाचा संगमरवरी पुतळा आहे, 'क्रिटिऑस बॉय'. त्याच्याआधीचे ग्रीक पुतळे खांबासारखे ताठ, हा मात्र एका पायावर सैलावला. मोठी गोष्ट आहे, नाही कोण म्हणतं? पण आपली ही पोर त्याच्या दोन हजार वर्षं आधी कमरेवर हात ठेवून उभी होती, एवढं मी मुलांना आवर्जून सांगतो.

आता ओळंबा. पंचवीस वर्षांपूर्वी आपली इमारत उभी राहत होती तेव्हा गवंडी भिंतीला ओळंबा लावताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. दोरीच्या टोकाला वजन. दोरी खोटं बोलत नाही. चित्रकारही तेच करतो. दोऱ्याला किल्ली बांधायची, हात लांब करून समोरच्या माणसावर धरायची आणि एक डोळा मिटून बघायचं. गळ्याखाली दोन हाडांच्या मधे खळगी आहे ना, तिथून दोरा सोडला की एका पायावर उभ्या असलेल्या माणसात तो भाराच्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांतही हाच नियम आहे. चित्रात खळगीची रेघ दोन्ही पावलांच्या बाहेर पडली, तर तो माणूस पडतोय, नाहीतर पळतोय, नाहीतर कशाला तरी टेकलाय. तिन्हींपैकी काहीच नसेल तर चित्र चुकलंय.

याचं कारण साधं आहे. उभ्या माणसाच्या सगळ्या वजनाचा मध्य बेंबीच्या थोडा खाली, शरीराच्या आत असतो. जमिनीपासून मोजला तर उंचीच्या साधारण 55 टक्क्यांवर. त्या बिंदूतून सोडलेला ओळंबा दोन पावलांनी घेरलेल्या जागेत पडला पाहिजे. बस्स. घरी जाऊन दोन प्रयोग करा. पहिला, भिंतीला उजवा खांदा आणि उजव्या पावलाची कड चिकटवून उभं राहा आणि डावा पाय बाजूला उचला. उचलता येणार नाही. एक पाय म्हणजे 60 किलोच्या माणसात जवळजवळ 10 किलो. तो उचलायचा तर धडाला दुसरीकडे झुकावं लागतं, आणि तिथे भिंत आहे. दुसरा प्रयोग आत्ताच करू. खुर्चीत पाठ ताठ ठेवा, पावलं गुडघ्यांच्या बरोबर खाली, आणि पुढे न वाकता उठून दाखवा. (हशा.) नाही ना जमत? आता पाय थोडे मागे घ्या, डोकं पुढे न्या, नाक पायाच्या अंगठ्यांवर आलं पाहिजे, मग उठा. फिजिओथेरपिस्टही हेच सांगतात. आजी-आजोबांनी एवढं एक घरी नेलं तरी माझं व्याख्यान वसूल झालं. आणि मुलांनो, खुर्चीतून उठणारा माणूस काढायचा असेल तर डोकं कुठे हवं ते आता कळलं.

ओझं आलं की हे सगळं जास्त स्पष्ट दिसतं. माझ्या मते चित्र शिकायला मोकळ्या माणसापेक्षा ओझं घेतलेला माणूस चांगला. मूल कडेवर घेतलेली आई बघा. आपल्या भाषेत 'कडेवर' असा स्वतंत्र शब्दच आहे. 60 किलोची आई, 10 किलोचं मूल, आणि ते तिच्या मध्यरेषेपासून वीतभर बाजूला. नववीतल्या मुलांनी गणित करून बघावं. दोघांचा मिळून मध्य मुलाच्या बाजूला साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. तेवढं भरून काढायला ती कंबर मुलाखाली सरकवते आणि धड उलट्या बाजूला कलतं करते. तिला कुणी शिकवलेलं नसतं. पाण्याची भरलेली बादली एका हातात असली की दुसरा हात आपोआप बाहेर फेकला जातो. पोतं पाठीवर घेतलेला हमाल पुढे वाकतो. तो दमलाय म्हणून वाकलाय असं बघणाऱ्याला वाटतं. पण पोत्याचं वजन पावलांवर आणायला त्याला वाकावंच लागतं. दिवस भरत आलेली बाई उलट मागे रेलते. डोक्यावर हंडा असला की तर मान एकदम सरळ, आणि सगळी हालचाल कंबरेच्या खाली.

आपल्याला यासाठी कुठे लांब जायला नको. सकाळी गंगेवर जा. (बाहेरून आलेल्या सुनांसाठी खुलासा: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या उतरणारी माणसं बघा. प्रत्येक जण पाऊल आधी चाचपडत पुढे टाकतो आणि धड मागे ठेवतो. भार नव्या पायरीवर सोपवायचा की नाही हे अजून ठरायचं असतं. ती अर्ध्या क्षणाची शंका कागदावर उतरली, तर पाण्याची एकही लाट न काढता खाली निसरडं आहे हे कळतं. द्राक्षांच्या हंगामात बागेतून क्रेट उचलून गाडीत चढवणाऱ्या बायका बघा. भाजीबाजारात टोपली डोक्यावर चढवताना दुसऱ्या बाईचा हात लागतो, तो क्षण बघा. तिथे दोन शरीरं मिळून एक तोल असतो.

आणि पांडवलेणी. इथं जरा थांबतो, कारण भाराचा विषय समजून घ्यायला नाशिकसारखं गाव नाही. आपण पाहुणे आले की त्यांना वर नेतो, खाली येऊन फाळके स्मारक दाखवतो आणि परत. पुढच्या वेळी तीन नंबरच्या लेण्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. हे सातवाहनांचं लेणं. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने ते भिक्षूंना दिलं, असा तिथला लेख सांगतो. लेख पुळुमावी राजाच्या 19 व्या वर्षातला आहे, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. लेख सगळे वाचतात, किंवा निदान त्याच्यापुढे फोटो काढतात. तुम्ही खाली बघा. व्हरांड्याच्या खालच्या बाजूला जमिनीतून वर आल्यासारखे सहा धिप्पाड पुरुष कोरले आहेत. फक्त डोकी आणि खांदे. त्यांच्या खांद्यांवर तुळया, आणि त्या तुळयांवर सगळं लेणं.

आता गंमत लक्षात घ्या. लेणं म्हणजे बांधकाम नव्हे. ते डोंगरात खोदलेलं आहे, दगड दगडालाच धरून आहे. तिथे ना तुळईची गरज, ना खांद्याची. त्या सहा जणांवर प्रत्यक्षात छटाकभरही वजन नाही. पण त्या कारागिराला खोदून पोकळ केलेल्या डोंगराचा भार बघणाऱ्याला जाणवून द्यायचा होता. खांब कितीही जाड केला तरी तो जाणवत नाही, कारण खांबाला खांदा दुखत नाही. म्हणून त्याने माणूस घातला. आपण तो बघतो आणि आपलेच खांदे नकळत आवळतात. पावलं दाखवलेली नाहीत तरी ती खाली कुठेतरी घट्ट रोवलेली असणार, हे आपणच पुरं करतो. कागदावरच्या रेघेलाही वजन नसतं. ते बघणाऱ्याच्या अंगात जागं करावं लागतं. देहचित्रणाचे वर्ग मी पुढे बरेच केले आणि घेतले, पण ही गोष्ट मला तिथे जितकी स्पष्ट कळली तितकी दुसरीकडे नाही.

अजिंठ्यालाही सांगण्यासारखं आहे. एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी त्रिभंगात उभा, तो सगळ्यांना माहीत असतो. मला मात्र 16 नंबरमधली ती कोसळलेली राजकन्या जास्त मोठी वाटते. तिथे तोल नाही, भारच आहे. मान कललेली, अंग सैल, मागून आधार दिलेला. मराठीत 'अंग टाकणं' म्हणतात ते असं. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी 1872 पासून ग्रिफिथ्स या शिक्षकाबरोबर अजिंठ्याला मुक्काम करून या चित्रांच्या नकला करत होते. त्या नकला पुढे लंडनला गेल्या आणि 1885 च्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. पण विद्यार्थ्यांच्या हातात जे उतरलं ते उतरलं.

जे. जे. चा विषय निघालाच आहे. हे कॉलेज 1857 चं. तिथेच शिकत असताना गणपतराव म्हात्रे यांनी 1896 च्या सुमारास 'मंदिरपथगामिनी' हा देवळाकडे निघालेल्या तरुणीचा पुतळा केला आणि त्यांचं नाव झालं. नऊवारीच्या घड्या कशा पडतात ते त्यात बघावं. कापडालाही भार असतो. ते कंबर, खांदा, गुडघा जिथे अडेल तिथून खाली येतं. पुढे 1919-20 च्या सुमारास कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी तिथे विवस्त्र मॉडेलवरून चित्र काढण्याचा वर्ग रीतसर सुरू केला. त्यावर तेव्हाही कुजबुज झाली आणि आजही होते. 2018 साली रवी जाधवांचा 'न्यूड' सिनेमा आला, त्याच्याआधी गोव्याच्या महोत्सवातून तो वगळला गेला म्हणून गाजावाजा झाला. तो वाद मला इथे घालायचा नाही. त्या वर्गात काय होतं, एवढंच सांगतो, कारण लोकांना वाटतं तसलं काहीच नसतं.

मॉडेल येते, लाकडी चौथऱ्यावर उभी राहते. पोझ ठरली की कुणीतरी खडूने तिच्या पावलांभोवती रेघ मारतं, म्हणजे विश्रांतीनंतर त्याच जागी उभं राहता यावं. मग वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नाही. पहिली पाच मिनिटं सोपी. दहाव्या मिनिटाला भाराच्या पायाची पोटरी बोलायला लागते. पंधराव्याला कंबर हळूच सरकते, खांदा उतरतो आणि चाळीस मुलं खोडरबर हातात घेतात. एका पायावर उभं राहणं हे काम आहे, मित्रहो. पोत्याइतकंच. अशा वर्गात शिकलेल्या मुलाला देह म्हणजे काय हे कळलं की नाही माहीत नाही, पण उभं राहायला किती कष्ट पडतात हे कळतंच. कॉलेजमधले शिकलेसवरलेले लोक मॉडेलचं नाव न विचारता तिला "ए, जरा डावीकडे" म्हणतात, तेव्हा मला ते आजही खटकतं. तिथे तरी ताई म्हणावं.

आता मुलांच्या आईवडिलांशी थोडं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की तुम्ही चित्रं घेऊन माझ्याकडे येता. मला आनंद आहे. ग्रेड मिळते, दहावीला वाढीव गुण मिळतात, सगळं ठीक. पण स्मरणचित्रात बाजार असो, बसस्टॉप असो, सगळी माणसं हवेत. मी विचारतो, बाळा, हे कुठून काढलंस? तर मोबाइलवरून. स्क्रीनवर कागद ठेवून गिरवलेलं असतं. बाहेरची रेघ अगदी बरोबर, आणि भार कुठेच नाही. कारण फोटोने चालणाऱ्या माणसाचा एक तुकडा पकडलेला असतो. त्याच्याआधी कुठला पाय जमिनीवर होता आणि पुढे कुठला पडणार, हे फोटोला माहीत नाही आणि मुलालाही नाही. मुलाला ते कळायला समोर जिवंत माणूस लागतो, दमणारा, पाय बदलणारा.

म्हणून कमिटीपुढे मी एक अर्ज ठेवला आहे. रविवारी सकाळी नऊ ते अकरा हा हॉल चित्रासाठी मिळावा. मुलं येतील, मोठे आले तरी चालतील. रोजच्या कपड्यांतला एक माणूस समोर उभा राहील आणि आपण काढू. काही सभासदांनी शंका काढली की असा माणूस आणायचा कुठून. तर आपल्याकडे वॉचमन आहेत, झाडणाऱ्या मावशी आहेत, इस्त्रीवाले काका आहेत, स्वयंपाकाच्या ताई आहेत. यांच्याइतकं उभं राहणं आपल्यापैकी कुणी करत नाही. मात्र माझी एक अट आहे आणि त्यावर मी अडून बसणार आहे. त्यांना विचारून, त्यांच्या सवडीने, आणि तासाचे पैसे देऊन. "आपलेच तर आहेत, दहा मिनिटं राहतील उभे" हे चालणार नाही. चहा दिला म्हणजे मोबदला झाला असंही नाही. किती द्यायचे ते कमिटीने ठरवावं. मला वाटतं घरकामाच्या तासाला देतो त्याच्यापेक्षा कमी नसावेत. आणि काढलेलं चित्र आधी त्यांना दाखवायचं. त्यांना नको असेल तर भिंतीवर लावायचं नाही, ग्रुपवरही टाकायचं नाही. खर्चाचा प्रश्न आला, म्हणून पहिल्या सहा महिन्यांचे पैसे मी देतो असं अर्जात लिहून दिलं आहे. त्यानंतरचं सर्वसाधारण सभेत बघू.

मुलांनी येताना फार काही आणू नये. साधा कागद, एक मऊ पेन्सिल, आणि किल्ली बांधलेला हातभर दोरा. खोडरबर घरी ठेवा. सुरुवात डोक्यापासून करायची नाही. आधी जमिनीची रेघ, मग भाराचं पाऊल, मग गळ्याची खळगी, आणि मग मधलं सगळं.

पहिल्या रविवारी मात्र मॉडेल शोधावा लागणार नाही. मीच उभा राहणार आहे, उजव्या पायावर, वीस मिनिटं. डॉक्टरांची परवानगी काढली आहे. पावलांभोवती रेघ मारायला कुणीतरी खडू आणा.